सात मात्रांची घोडी

१२ जानेवारी २०२५, रविवार

माफ कर, फार उशीर झाला. दहा दिवस तुला उघडलंच नाही. शेवटचं पान दोन तारखेचं — 'डाव्या डोळ्याला पाणी' — एवढंच लिहिलंय. मधले दिवस व्हिसाच्या काळजीत गेले. इथे आखातात आई-बापाचा व्हिसा वर्षाचाच असतो, आणि दर वर्षी मी एका वर्षानं म्हातारा होतो! चारुदत्त, मुलगा माझा, म्हणतो, बाबा, ऑफिसचा पीआरओ बघतोय ना व्हिसाचे सगळे कागद, तुम्ही कशाला डोकं पिकवता. बघत असेल. पण उद्या कुणी म्हटलं, खलास, याचं वय झालं — तर? मिरजेची खोली विकून बसलोय. जायचं कुठे?

लिहायचं होतं ते निराळंच. मागच्या आठवड्यात व्हायोलिन काढलं. एसीनं खुंट्या सैल पडतात, तारा उतरतात. बाल्कनीत बसून सूर लावत होतो तर शुभ्रा आली. नात माझी, पण मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते. काहीतरी फनी वाजवा म्हणाली. मी लंगडी घोडी वाजवली. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातली नाचाची गत आहे. तिनं फोनवर घेतली आणि कुठेतरी टाकली. झालं! तिच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत एमान म्हणून बाई आहेत, इजिप्तच्या. त्यांनी ती बघितली. त्यांचा नवरा अमेरिकन, फार आजारी. तो दोन दिवस एकच विचारतोय म्हणे — या माणसाला ही गत मिळाली कुठून?

कुठून मिळाली! चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी उम्म अल कुवैनला त्यांच्या घरी जायचंय. नको म्हटलं तर शुभ्रा रुसली.

१५ जानेवारी, बुधवार

व्हिसासाठी छातीचा एक्स-रे. श्वास रोखा म्हणाले. रोखला. मग सोडायचीच भीती वाटली.

१८ जानेवारी, शनिवार

जाऊन आलो.

शुभ्रानं गाडी चालवली. खाडीच्या कडेचं बैठं घर, समोर दोन वाळलेली खजुरं. साहेब खुर्चीत पांघरूण घेऊन बसलेले. वेंडेल नाव. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डाव्या हाताची शीर दोरीसारखी वर आलेली, तिला बँडेज. पण मला बघताच म्हणाले, आधी वाजव, चहा नंतर. एमानबाई म्हणाल्या, हबीबी, माणसाला बसू तर दे. मी बसलो ते जमिनीवरच. व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलं, आमच्या पद्धतीनं. साहेब हसले. म्हणाले, माझे आजोबा छातीला लावून धरायचे, हा पायाला लावतो, आणि हल्लीची शिकलेली पोरं गळा दाबल्यासारखी हनुवटीखाली धरतात.

सूर ऐकून मात्र हसायचे थांबले. आम्ही सा-प-सा-प लावतो. मिरजेच्या वाद्यांच्या दुकानात उस्तादांनी तसंच शिकवलं, तसंच लावत आलो. मधे भाषांतर करणाऱ्या शुभ्राला साहेबांनी हातानं थांबवलं, म्हणाले, ही तर आमच्या डोंगरातली जुनी लावणी आहे तारांची! आजोबा असंच लावायचे. शाळेत शिकलेल्यांच्या तारा वेगळ्या लागतात, म्हणून त्यांच्या हातून ही गत गुळगुळीत होते.

मग वाजवली. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या ओळीत घोडी लंगडते — आठ मात्रा हव्यात तिथे सातच येतात, आणि गत ठेचकाळून पुन्हा पहिल्यावर जाते. मी तिथे आलो आणि साहेबांनी डोळ्यांवर हात ठेवला.

अकरा वह्या आहेत त्यांच्याकडे. या एकाच गतीच्या! जाड पुठ्ठ्याच्या, प्रत्येकीवर नंबर. पन्नास वर्षं जमवताहेत. गतीचं नाव टॅलो क्रीकची लंगडी घोडी. कुणी म्हणतं स्कॉटलंडहून आलेल्या लोकांच्या कवायतीची चाल होती, ती डोंगरात येऊन नाचायला लागली. कुणी म्हणतं गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या बँजोवरून उचलली आणि त्यांचं नाव कुणी लिहिलं नाही. एका खोऱ्यात तिला घोडीच नाही, विधवा आहे. एका ठिकाणी गंधार कोमल लागतो, एका ठिकाणी तिसरा भाग जोडलाय. आजोबांचा सोडून असे बेचाळीस प्रकार. त्या बेचाळीसांत कुठेही घोडी लंगडत नाही. नाव लंगडीचं, आणि सगळ्यांच्या आठ मात्रा पुऱ्या! सात मात्रा फक्त साहेबांच्या आजोबांच्या. आणि आता माझ्या.

गत कुठून मिळाली, साहेबांनी विचारलं — आणि मी आधीच ठरवून आल्यासारखा बोललो — मिरज, उस्ताद. आमच्या धंद्यात दुसरं उत्तर नसतंच. काही वाजवलंस आणि कुणी विचारलं कुणाकडून घेतलंस, तर उस्तादांचं नाव घ्यायचं आणि कानाला हात लावायचा. मी कानाला हात लावला. साहेबांनी बाराव्या वहीचं पहिलं पान उघडून लिहिलं. युद्धाच्या वेळी हिंदुस्थानात अमेरिकन सैनिक होते, त्यांतल्या कुणाकडून ती मिरजेला गेली असणार म्हणाले. म्हणजे लंगडणं आजोबांच्या घरापुरतं नव्हतं. जुनं होतं, लांबवर गेलेलं होतं.

आणि मग चहा पिताना सहज बोलले. शहाऐंशी साली ते इथेच होते, वाळवंटात ड्रिलिंगच्या कॅम्पवर. आजोबांची एकुलती एक टेप जवळ होती. रोज संध्याकाळी लावायचे.

मी वर बघितलं. डाव्या भुवईवर तो व्रण.

रूम नंबर चौदा. साहेबांची नावं आम्हाला ठाऊक नसायची, फक्त खोल्यांचे नंबर. टक्कल पडलंय, निम्मे राहिलेत, पण तेच. दोन वर्षं मी त्यांचे शर्ट घडी करून ठेवत होतो. त्यांनी मला ओळखलं नाही. रूमबॉयच्या तोंडाकडे कोण बघतं?

मी कप खाली ठेवला.

१९ जानेवारी, रविवार

सकाळचा नाश्ता तसाच ठेवला. विभावरीला वाटलं बाहेरचं खाल्लं. सूनबाई म्हणून चांगली आहे, पण काळजी घेते तीही रागावून.

आता लिहूनच टाकतो. तुझ्याशिवाय कोण वाचणार आहे.

सातवीतून शाळा सुटली, मग मिरजेला तंतुवाद्याच्या दुकानात बसलो. सरसानं लाकूड चिकटवणं, तंबोऱ्याचा फुटलेला भोपळा सांधणं, घोडी घासणं. आमच्यात तारांखालच्या त्या हाडाच्या पट्टीलाही घोडीच म्हणतात. उस्तादांचा एक नियम. जोड दिसता कामा नये, आणि दुरुस्ती सांगायची नाही. गिऱ्हाईक वाद्य घेऊन जाईल, वाजवील, खूश होईल. त्याला सांगितलंस की इथे फुटलं होतं, तर त्याला जन्मभर तिथेच कर्कश ऐकू येईल.

मग एजंटच्या हातून इकडे आलो. कॅम्पवर साहेबांच्या खोल्या झाडायचो. सगळे मला सॅम म्हणायचे. चौदा नंबरच्या दारातून ती गत संध्याकाळी ऐकू यायची, आणि मी आमच्या बराकीत व्हायोलिनवर एक-एक तुकडा जुळवायचो.

एकदा साहेब ड्युटीवर असताना मीच टेप लावली. यंत्रानं पट्टी खाल्ली. बाहेर ओढली तर बोटभर चुरगळून गेलेली. घामानं अंगरखा भिजला. नोकरी गेली तर घरी तोंड कसं दाखवायचं! ब्लेडनं चुरगळलेला तुकडा कापला, टोकाला टोक लावून मागून चिकटपट्टी, नखानं घासून सपाट. जोड दिसत नव्हता. मिरजेचा हात होता शेवटी. पहिल्यापासून लावून बघितली — जराशीच, कान दाराकडे. पहिल्यांदाच जवळून ऐकत होतो, दारातून तुकडेच कानावर यायचे. गत पुढे गेली, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी ठेचकाळली. एक मात्रा कमी. इथेच कापली! बंद केली, जागेवर ठेवली. त्यानंतर ती टेप कधी हातात घेतली नाही. साहेब काही बोलले नाहीत. सहा महिन्यांनी त्यांची बदली झाली.

मी मात्र तशीच वाजवत राहिलो, लंगडी. मला वाटायचं, माझ्या पापाची एवढी तरी खूण असावी.

म्हणजे साहेबांची सात मात्रांची घोडी माझ्या ब्लेडनं लंगडी झाली! चाळीस वर्षं ते माझा जोड वाजवताहेत आणि त्याला आजोबा म्हणताहेत.

२३ जानेवारी

विभावरी म्हणते, बाबा, दोन दिवस औषधाची डबी तशीच भरलेली. गोळ्या घेतल्या, तिच्यासमोर.

२६ जानेवारी, रविवार

साहेबांचा आवाज आला, शुभ्राच्या फोनवर. अमेरिकेत जुन्या गाण्यांचा साठा करणारे लोक आहेत, त्यांना ते लिहिणार. माझं पूर्ण नाव, गावाचं नाव, उस्तादांचं नाव हवंय. त्रेचाळिसावा प्रकार — मिरज!

शुभ्रा नाचत होती. आजोबा, यू आर अ सोर्स! चारुदत्तनं त्याच्या हमरियाच्या ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, तिथल्या याकूबनं मिठाई आणली म्हणे. मी म्हटलं, मला साखर चालत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

परत गेलो. साहेब झोपले होते. एमानबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं. अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, त्यात अरबी — पण कळलं सगळं.

साहेबांना एक बहीण आहे, लोरीन. वय एक्क्याऐंशी, एकटी, तिकडे डोंगरातच राहते. एकोणीस वर्षं दोघं बोलत नाहीत. आई वारली तेव्हा साहेबांनी चर्चमध्ये आजोबांची गत वाजवली, सात मात्रांची. बहीण सगळ्यांसमोर उठून म्हणाली, थांबव. आजोबांना मोजता येत होतं. तू त्यांची टिंगल करतोयस. साहेबांनी गज खाली ठेवला आणि चालते झाले. टेप तिच्याकडेच राहिली होती पूर्वीपासून. ती ऐक म्हणाले, तर टेप हरवली म्हणाली. साहेबांच्या मते लपवली. त्यांनी स्वतः ती तीस-पस्तीस वर्षांत ऐकलेली नाही.

आणि आता? आता म्हणे पुरावा मिळाला. हिंदुस्थानातला म्हातारा सात मात्रा वाजवतो. साहेब म्हणतात, आता तिनं फोन करावा, तिनं माफी मागावी, मी करणार नाही. डॉक्टर म्हणतात दोन महिने. बाईंनी ओट्यावरचं पाणी पुसलं, पुन्हा पुसलं. "अंकल, त्याला बहिणीचा आवाज ऐकायचाय. रोज फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. तुम्ही सांगा ना त्याला काहीतरी. तुमचं ऐकेल."

माझं ऐकेल!

साहेब उठल्यावर मी वाजवलं नाही. खुंटी सरकतेय म्हणालो. खोटंच.

४ फेब्रुवारी

भावाबहिणीच्या मध्ये मी बसलोय. बोटभर चिकटपट्टी.

८ फेब्रुवारी, शनिवार

शुभ्राला सगळं सांगितलं. म्हटलं, तू साहेबांना इंग्रजीत नीट समजावून सांग, मला जमणार नाही. तिनं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, नो. मी विचारलं, नो म्हणजे? तर चक्क मराठीत बोलली. "आजोबा, हे त्यांना सांगून तुम्हाला बरं वाटेल. त्यांना काय वाटेल?"

मी चिडलो. म्हटलं, तुला काय कळतंय, खोटं घेऊन मरायचं काय असतं ते. ती म्हणाली, तुम्ही कुठे मरताय, ही इज डायिंग. दार आपटून गेली.

विभावरीनं विचारलं, काय झालं दोघांत. काही नाही म्हटलं.

९ फेब्रुवारी

व्हिसा झाला. एक वर्ष. चारुदत्तनं पेढे आणले. माझा तसाच डब्यात परत ठेवला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

शुभ्रा आली नाही. चारुदत्तनं सोडलं आणि तो बाजारात गेला. साहेब आता पलंगावरच. आवाज बारीक झालाय. बाई चहा करायला आत गेल्या, तेवढ्यात बोललो. चाळीस वर्षांपूर्वीचं कॅम्पचं इंग्रजी, तेवढंच येतं. "सर. युवर टेप. आय कट. मी. रूम नंबर फोर्टीन."

त्यांना कळलं नाही. मग बोटांची कात्री करून दाखवली, चिकटपट्टी लावून दाखवली, नखानं घासून दाखवली. ते बघत राहिले. माझ्या तोंडाकडे — पहिल्यांदाच नीट.

"सॅम?"

येस सर म्हटलं. आपोआप उभा राहिलो, हात मागे.

उस्तादांचं नाव खोटंच घेतलं होतं तेही सांगितलं. दारातून ऐकायचो ते सांगितलं. मिरजेत ही गत कुणाच्या बापानं वाजवली नव्हती. सैनिक नाही, युद्ध नाही. तुमच्याच टेपवरून माझ्याकडे आली, आणि कापल्यावर लंगडी झाली.

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. डोळे मिटले. पांघरुणावर एका बोटानं मोजत होते. आठापर्यंत. मग सातापर्यंत. मग पुन्हा आठापर्यंत. खूप वेळ. मग विचारलं — नक्की तिथेच कापली होतीस? शेवटच्या ओळीत?

"येस सर. शुअर."

म्हणाले, मला कापण्याआधीचं आठवतच नाही, सॅम. मी लहान असताना त्यांनी कशी वाजवली ते मला आठवत नाही. फक्त टेप आठवते.

बाई चहा घेऊन आल्या. तिघांनी घेतला. साहेबांनी मला विचारलं, कॅम्पवर माझ्या शर्टांच्या कॉलरला खळ तूच लावायचास का. हो म्हटलं. फार कडक लावायचास म्हणाले.

१६ फेब्रुवारी, रविवार

झोप लागली. सलग सहा तास. महिन्यात पहिल्यांदा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एमानबाईंचा फोन. रडत होत्या, पण चांगलं. साहेबांनी काल बहिणीला फोन केला. पहिलंच वाक्य — तू बरोबर होतीस, आजोबांना मोजता येत होतं. मग दोघं तासभर बोलत होती. कुत्र्यांची नावं आठवत होती, आईच्या हातचं काहीतरी. शेवटी बहीण म्हणाली, माळ्यावर पुन्हा शोधते ती टेप, खोकी कितीतरी आहेत.

मी देवासमोर दिवा लावला. शुभ्राला ऐकू जाईल असं विभावरीला मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. शुभ्रा खोलीतून बाहेर आली नाही. न येऊ दे. भाऊ-बहीण बोलली की नाही!

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा बाईंचा फोन. साहेबांनी सगळ्या वह्या टाकून द्यायला सांगितल्यात. बाराही. एका चिकटपट्टीवर पन्नास वर्षं उभी केली म्हणाले, हसले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्या साठा करणाऱ्या लोकांनाही कळवून टाकलं, काही पाठवणार नाही. बाईंना टाकवत नाहीत. म्हणाल्या, अंकल, तुम्ही घेऊन जा, तुमच्याकडे राहू देत.

मी काय म्हणालो? घरात जागा नाही म्हणालो. विभावरीला विचारलंही नाही. त्या वह्या माझ्या पलंगाखाली ठेवून मी झोपणार कसा? पानापानावर ते बेचाळीस लोक आठ मात्रा मोजताहेत, आणि एक माणूस सात.

नको म्हटलं. साहेबांची इच्छा मोडू नका असंही म्हटलं वर!

२७ फेब्रुवारी

साहेब हॉस्पिटलात. भेटायला देत नाहीत.

४ मार्च, मंगळवार

गेले. काल दुपारी. बाईंचा रोजा होता, त्यांनी संध्याकाळी कळवलं. बहीण फोनवर होती शेवटी. बाईंनी फोन त्यांच्या कानाला धरला होता. ती तिकडून बोलत राहिली, गेल्यावरही थोडा वेळ बोलत होती, तिला कळलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

दफनाला गेलो. दहा-बारा माणसं. शुभ्रा आली, माझा हात धरून उभी राहिली. कुणी काही वाजवलं नाही. कुणीतरी मला विचारलं, तुम्ही कसे ओळखता त्यांना? म्हटलं, मी त्यांच्याकडे कामाला होतो.

१४ मार्च

व्हायोलिन उघडलं. घोडी आठ मात्रांची वाजवून बघितली. साहेबांसाठी, बहिणीसाठी, खरी. हात तिथे येऊन अडकतो. पूर्ण होते पण मेल्यासारखी होते. वाजवणारा मीच खराब असेन.

पेटी पलंगाखाली ढकलली.

२२ मार्च, शनिवार

एमानबाई घर सोडताहेत. ईदला भावाकडे कैरोला जाणार, घराची चावी त्याआधी मालकाला. सामान उचलायला माणसं येऊन गेली, उरलंय ते हारुन नावाचा वॉचमन कचऱ्याच्या गाडीत टाकेल म्हणाल्या. वह्यांचं विचारलं नाही मी. त्यांनीही काढलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

लोरीनबाईंना टेप सापडली. माळ्यावर, नाताळच्या खोक्यात. तिकडच्या एका मुलानं तिची नक्कल करून दिली. ती एमानबाईंना आली, त्यांनी शुभ्राला पाठवली, शुभ्रानं माझ्या फोनवर. बरोबर लोरीनबाईंचं लिहिलेलं होतं. शुभ्रानं वाचून दाखवलं. अवघड जात होतं तिला मराठी करायला.

"मला मोजणी-बिजणी कळत नाही. मला फक्त आजोबांचा आवाज ओळखू आला. ज्या भल्या माणसानं माझ्या भावाला खरं सांगितलं, त्याला ही द्या. त्याच्यामुळे मला माझा भाऊ दोन आठवडे परत मिळाला."

शुभ्रानं विचारलं, लावू? मी म्हटलं, नको, आत्ता नको. साहेबांच्या आजोबांच्या तोंडासमोर कसा बसू? परवा पाडवा आहे. पाडव्याला, अंघोळ करून, शांतपणे ऐकेन.

३० मार्च, रविवार. पाडवा. ईदही आजच.

ऐकली. म्हाताऱ्यानं गत चार वेळा फिरवलीय. चार वेळा! मी त्या दिवशी एकच फेरी ऐकली होती. चारही वेळा सातच मात्रा. चारही वेळा घोडी तिथेच लंगडते. माझा जोड तिसऱ्या फेरीत आहे, पहिल्याच ओळीत. टक् होतं, दोन सूर गेलेत. बस. एकदाच कापल्यानं घोडी चारदा लंगडत नाही. आजोबा तसेच वाजवायचे. साहेब बरोबर होते, आणि मी शुअर म्हणालो.

शुभ्राकडून लिहून घेतलं, एमानबाईंना पाठवलं. फोन लागत नाही, ईद आहे, विमानात असतील. तुझ्या पानावरही लिहून ठेवतो, आणखी कुठे लिहू. बाई, वह्या टाकू नका. टाकल्या असतील तर कुठे, कोणत्या गाडीत, ते सांगा, मी जातो. हारुनचा नंबर द्या. टाकल्या असतील तरी कळवा, नसतील तरी कळवा. लवकर कळवा हो.